चिकटणारी मान, घसरणारी करंगळी



मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड, डेंग्यू अशा विषयांवर लिहिणारा डॉक्टर आज गिटारविषयी काय सांगत बसला, असं तुम्हाला वाटेल. पण थोडा धीर धरा. हा लेख गिटारपासून सुरू होतो आणि हाताच्या मज्जातंतूंपाशी येऊन थांबतो. मधल्या वाटेत माझी स्वतःची एक चूक आहे. खरं सांगायचं तर ती सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

एमबीबीएसला असताना नागपूरच्या होस्टेलवर मी एक जुनी गिटार विकत घेतली होती. जेमतेम चार गाणी यायची. पुढे एमडी, मग नांदगाव खंडेश्वरला प्रॅक्टिस, संसार, मुलं. गिटार माळ्यावर गेली आणि एका पावसाळ्यात वाळवीने तिचा निकाल लावला. पन्नाशी ओलांडल्यावर, मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि संध्याकाळी घर रिकामं वाटू लागलं, तेव्हा मी नवीन गिटार आणली. दिसायला देखणी. मागून-पुढून आरशासारखी चकचकीत. तिचा नेक, म्हणजे डाव्या हातात धरायची लांब मान, तीही तशीच. बोट लावलं की ठसा उमटावा इतकी गुळगुळीत.

गुळगुळीत वस्तू चिकटते कशी?

पहिले काही दिवस छान गेले. जुलै उजाडला आणि तक्रार सुरू झाली. ज्यांनी गिटार कधी धरली नाही त्यांच्यासाठी सांगतो. डाव्या हाताची चार बोटं तारा दाबतात आणि अंगठा मानेच्या मागच्या बाजूला टेकलेला असतो. सूर बदलताना सगळा हात मानेवरून खाली-वर सरकवावा लागतो. माझा अंगठा सरकतच नव्हता. ओल्या काचेवर रबर ओढल्यासारखा अडखळत, झटके देत जायचा. मग मी मान आणखी घट्ट धरायचो. महिनाभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. ओपीडीत रक्तदाब मोजताना यंत्राचा रबरी फुगा दाबला की कळ यायची.

एक गोष्ट मात्र मला चक्रावून टाकत होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम तेव्हा जास्त येतो. मग मान मे महिन्यात चिकटायला हवी, जुलैत का चिकटावी? नंतर लक्षात आलं की मे महिन्यात अंगणात बसलं तर मान चिकटत नाही, पण खोलीत कूलर लावून बसलं की चिकटते. कूलर हवा गार करतो ती पाणी उडवून, म्हणजे खोलीत ओलावा भरून. कोरड्या हवेत तळहाताचा घाम आला तसा उडून जातो. पावसाळ्यात किंवा कूलरसमोर तो उडत नाही, कातडीतच मुरतो.

आता शरीरशास्त्र थोडं समजून घेऊ. आपल्या अंगभर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी असतात आणि त्यांची सर्वांत दाट वस्ती तळहात आणि तळपायांवर असते. अंगाचा घाम मुख्यतः उष्णतेमुळे येतो. तळहाताचा घाम मनाशी जास्त जोडलेला असतो. परीक्षा, मुलाखत, मंचावर जाणं, पहिल्यांदा इंजेक्शन देणं, अशा वेळी हात ओले होतात ते म्हणूनच.

हा ओलावा तसा उपयोगाचा असतो. तळहाताची जाड कातडी कोरडी असते तेव्हा ती कडक असते, वस्तूवर जेमतेम टेकते आणि घसरते. थोडा ओलावा मिळाला की ती मऊ होते, वस्तूला अंगभर लागते आणि पकड बसते. नोटा मोजताना बोटाला पाणी का लावतात ते आता कळलं असेल. ओलावा फारच वाढला, पाण्याचा थर बसला, की पुन्हा घसरायला होतं. म्हणजे अगदी कोरडा हात घसरतो, अगदी ओला हात घसरतो आणि मधला दमट हात चिकटतो.

हा दमट हात कशावर जास्त चिकटतो? जितका पृष्ठभाग गुळगुळीत, तितकी मऊ झालेली कातडी त्याला जास्त ठिकाणी लागते. चकचकीत मानेवर ती पूर्ण पसरून बसते. तेच लाकूड किंचित खरबरीत असेल, डोळ्याला दिसणार नाहीत असे बारीक उंचवटे त्यावर असतील, तर कातडी फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकते. मधल्या फटींत हवा राहते. हात मोकळा सरकतो. म्हणून दमट हाताला गुळगुळीत वस्तू अडवते आणि किंचित खडबडीत वस्तू वाट देते. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच आहे.

रुमण्याला कोणी वार्निस लावतं का?

हे सगळं मी नंतर वाचून समजून घेतलं. पण उत्तर मला आधीच मिळालं होतं, तेही दवाखान्याचं दार दुरुस्त करायला आलेल्या सुतारकाकांकडून. कोपऱ्यातली गिटार पाहून त्यांनी विचारलं, मी तक्रार सांगितली. त्यांनी मानेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, वखराच्या रुमण्याले कोनी वारनिस लावते काय? हातच सोलून निंघन."

खरंच की! वखराचं रुमणं, कुऱ्हाडीचा दांडा, विळ्याची मूठ, यांतल्या कशालाही आपल्याकडे चकचकीत रोगण नसतं. बाभळीचं लाकूड तासायचं, घासायचं, फार तर तेलाचा हात द्यायचा. पुढचं काम वापरणाऱ्याचा तळहात करतो.

वाद्यं बनवणाऱ्यांनाही हे फार पूर्वीपासून माहीत आहे. व्हायोलिन नीट पाहिलं तर सगळ्या अंगाला वार्निश असतं, पण डावा हात जिथे सरकतो ती मान परंपरेने वार्निशविना ठेवलेली असते. सतार वाजवणारे डाव्या हाताची बोटं तारेवर सरकावीत म्हणून तेलाच्या बोळ्याला बोट लावून घेतात. मिरजेच्या तंबोऱ्यांवर चपडा लाखेचं सुंदर चकाकतं पॉलिश असतं, पण तंबोऱ्याच्या दांडीवर हात धावत नाही, त्यामुळे तिथे कोणाची तक्रार नसते. चकाकी वाईट असं नाही. हात कुठे सरकायचा आहे, हे आधी पाहायचं.

आजकाल गिटारच्या माना तीन तऱ्हेच्या मिळतात. ग्लॉसी, म्हणजे चकचकीत. सॅटिन, म्हणजे तेच रोगण, पण त्यात चमक मारणारी बारीक भुकटी मिसळलेली किंवा वरून हलकं घासलेलं. आणि तिसरी जवळजवळ उघडी, फक्त तेल किंवा मेण दिलेली. उघडी मान हाताला सर्वांत सुखद लागते, पण घाम आणि मळ शोषते, काळी पडते आणि पावसाळ्यात ओल धरून वाकण्याची भीती असते. चकचकीत मान पुसायला सोपी आणि टिकाऊ. कोरड्या हाताच्या माणसाला ती मुळीच त्रास देत नाही. म्हणूनच या विषयावर दोन गिटारवाल्यांचं एकमत होत नाही. वाद लाकडाचा वाटतो, पण त्यातला मोठा भाग हाताचा असतो. एकाचा हात कोरडा, दुसऱ्याचा दमट.

काकांनी पाण्यात भिजवलेल्या बारीक पॉलिश पेपरने पंधरा मिनिटांत माझ्या मानेची मागची बाजू घासून दिली. चमक गेली, रोगण राहिलं. त्या संध्याकाळी अंगठा लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. दोन-तीन आठवड्यांत अंगठ्याचं दुखणंही गेलं.

घट्ट धरायला आपल्याला सांगतं कोण?

दुखणं का गेलं, हेही समजून घेण्यासारखं आहे. स्वीडनमध्ये योहानसन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी १९८४ च्या सुमारास माणूस दोन बोटांत वस्तू कशी धरतो याचा फार बारकाईने अभ्यास केला. वस्तूला कधी रेशीम लावलं, कधी मऊ चामडं, कधी सँडपेपर. वस्तूचं वजन तेच. तरी निसरड्या रेशमाला बोटं जास्त जोर लावायची, सँडपेपरला कमी. हा हिशेब बोटांच्या कातडीतल्या संवेदना क्षणात मेंदूला कळवतात आणि मेंदू लागेल तेवढाच, किंचित जास्त, जोर लावतो. बोटं बधिर केली की हा हिशेब चुकतो.

गिटारवर माझा हिशेब वेगळ्या कारणाने बिघडला होता. हात झटके खात सरकायचा, त्यामुळे त्याच्यावर भरवसा नव्हता, म्हणून मी मान करकचून धरत होतो. रोज तासभर असा ताण पडल्यावर अंगठ्याचे स्नायू आणि सांधा कुरकुरणारच. हेच मोटारसायकलच्या मुठीला लागू आहे, शिवणयंत्रावरच्या कात्रीला लागू आहे, कपडे पिळणाऱ्या हातांनाही. हात दुखतो तेव्हा आपण सांध्याला दोष देतो. एकदा हातातली वस्तूही तपासून पाहावी.

इथपर्यंत सगळं गोड आहे. मी या शोधावर इतका खूश झालो की भेटेल त्या गिटारवाल्याला "मान घासून घे" असा सल्ला देत सुटलो. चूक इथेच सुरू झाली.

गणपतीच्या मांडवातला सल्ला

त्या वर्षी गणपतीत जवळच्या एका गावात ऑर्केस्ट्रा होता. गिटारवर विशीतला एक मुलगा होता. (त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि त्याच्या परवानगीने लिहितो आहे.) हात चांगला होता त्याचा. मध्यंतरात मी आपणहून त्याच्याशी बोलायला गेलो. त्याने माझ्या आधीच तक्रार मांडली.

"सर, नेक लय चिकटते. अन् करंगयी तं दोन महिन्यांपासून कामच करत नाई. बाकीचे बोटं चिकटते, हे मात्र घसरून जाते."

मी हसलो. माझ्या खिशात उत्तर तयारच होतं. म्हटलं, "अरे, मान पॉलिश पेपरने घासून घे. चिकटणं बंद होईल, हात मोकळा होईल, करंगळी आपोआप पोचेल." त्याला ते पटलं. मला बरं वाटलं. चहा पिऊन मी घरी आलो.

त्या मुलाचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. त्याने एका दमात दोन तक्रारी सांगितल्या होत्या. मान चिकटते, ही पहिली. दमट हवेत तशी ती कोणालाही चिकटते. दुसरी तक्रार अशी की त्याच मंचावर, त्याच हवेत, त्याच हाताचं एकच बोट चिकटत नाही, घसरतं. आणि त्या बोटाचा जोर दोन महिन्यांपासून कमी झाला आहे. तीस वर्षं रुग्ण तपासणाऱ्या माणसाच्या कानांवर ते वाक्य पडलं आणि मी त्यातला मला आवडणारा अर्धा भाग तेवढा ऐकला. त्याचा हात हातात घेऊन पाहिलाही नाही.

संक्रांतीच्या आधी तो ओपीडीत आला. गिटारसाठी नव्हे. कार्यक्रमानंतर चहाचा गंज चुलीवरून उतरवताना त्याची करंगळी भाजली होती आणि भाजल्याचं त्याला दुसऱ्या दिवशी फोड दिसल्यावर कळलं.

तो म्हणाला, "सर, तुम्ही सांगतलं तसं घासून घेतलं. नेक मस्त झाली. पण करंगयी काई आयकत नाई."

भाजलं आणि दुखलं नाही, हे ऐकल्यावर डॉक्टर खुर्चीतून उठतो. मी उठलो.

त्याचा डावा हात टेबलावर उताणा ठेवला. तळहाताचा अंगठ्याकडचा भाग चमकत होता, ओलसर. करंगळीकडचा भाग कोरडा, थोडा खरखरीत. मध्ये जणू कोणी रेघ मारली होती. टेबलावरचा गुळगुळीत प्लास्टिकचा पेन मी आडवा धरून त्याच्या तळहातावरून हलकेच ओढला. अंगठ्याकडच्या बाजूला पेन अडखळत गेला. करंगळीच्या बाजूला आला आणि सुळकन निसटला.

ही तपासणी जुनी आहे आणि मज्जातंतूला इजा झाली का हे पाहण्यासाठी वापरतात. घामाच्या ग्रंथींना हुकूम देणारे बारीक धागे संवेदनेच्या मज्जातंतूंबरोबरच हातात उतरतात. मज्जातंतू निकामी झाला की स्पर्श जातो आणि घामही जातो. घाम गेला की कातडी कोरडी पडते. कोरड्या कातडीवर चकचकीत वस्तू चिकटत नाही. जी चिकटण्याची तक्रार आम्ही दोघं करत होतो, ती खरं तर जिवंत मज्जातंतूची खूण होती. त्याच्या गिटारची चकचकीत मान रोज संध्याकाळी त्याची तपासणी करत होती आणि त्याने तिचा निकाल मला सांगितलाही होता.

पुढचं लवकर उलगडलं. त्याला डोळे मिटायला सांगून पेनाच्या टोकाने हलका स्पर्श केला, तर करंगळीवर तो त्याला कळत नव्हता. करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये कागद धरायला दिला, तो अलगद निघून आला. कोपराच्या आतल्या बाजूला, जिथे आपटलं की हातात झिणझिण्या येतात, तिथून अल्नर नावाचा मज्जातंतू जातो. उजवीकडे तो जेमतेम लागत होता. डावीकडे दोरीसारखा जाड लागला. आणि दंडावर मागच्या बाजूला रुपयाएवढा एक फिकट चट्टा होता. "ते शिबं हाय सर, लहानपणापासून येते," तो म्हणाला. चट्ट्यावर स्पर्श कळत नव्हता. शिब्यावर तो कळतो.

निदान कुष्ठरोगाचं होतं. पुढे सरकारी रुग्णालयात ते पक्कं झालं.

"तपोवनात ठेवा लागन काय?"

त्याच्या वडिलांचा पहिला प्रश्न हा होता. अमरावती जिल्ह्यातल्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीच्या तपोवनात, मनोहरजी दिवाणांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला, बाबा आमट्यांनी वरोऱ्याच्या आनंदवनात ज्यांना आसरा दिला, त्यांना घरांनी बाहेर काढलं होतं. त्या काळी उपाय तोकडे होते आणि भीती मोठी होती. पण आज चित्र फार बदललं आहे, आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं.

कुष्ठरोग हा जंतूमुळे होतो. नॉर्वेच्या हान्सन यांनी तो जंतू १८७३ मध्ये दाखवला. तो शाप नाही, पाप नाही, आनुवंशिकही नाही. बहुतेक माणसांच्या शरीरात या जंतूला परतवून लावण्याची शक्ती उपजतच असते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एकापेक्षा जास्त औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली आणि आज प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत हा आजार पूर्ण बरा होतो. औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. उपचार सुरू झाले की संसर्ग पसरण्याची शक्यता झपाट्याने संपते. रुग्णाला घरापासून दूर ठेवण्याची, ताट-वाटी वेगळी करण्याची काहीही गरज नाही. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर दर दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्ट आपण गाठलं. त्यामुळे बऱ्याच लोकांना, आणि काही डॉक्टरांनाही, हा आजार संपला असं वाटतं. तो संपलेला नाही. आपल्या विदर्भात नवे रुग्ण आजही सापडतात.

अजून एक गैरसमज. या रोगात बोटं झडतात, असं लोक म्हणतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी वर्षानुवर्षं असे हात तपासले आणि शस्त्रक्रिया करून ते पुन्हा कामाला लावले. त्यांनी दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत. संवेदना गेलेला हात भाजतो, कापतो, अवजार गरजेपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, आणि दुखत नसल्यामुळे माणूस थांबत नाही. जखमेवर जखम होत बोट झिजत जातं. वर सांगितलेला स्वीडनचा प्रयोग आठवा. बधिर बोटाला जोराचा हिशेब राहत नाही.

जंतू औषधाने मरतो, पण मज्जातंतूला झालेली इजा भरून येईलच असं नाही. ती ताजी असेल तर स्टेरॉइडच्या उपचाराने पुष्कळ सुधारते. साधारण सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू झाले तर फायद्याची शक्यता चांगली असते. गणपतीत त्या मुलाचं दुखणं दोन महिन्यांचं होतं. माझ्या ओपीडीत तो आला तेव्हा सहा महिने उलटले होते. मधले चार महिने मी त्याला पॉलिश पेपर देऊन घालवले.

हे मी त्याला आणि त्याच्या वडिलांना सांगितलं. सांगायला दोन दिवस लागले, पण सांगितलं. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आता पुढचं पाहा साहेब." मुलाने फक्त एवढंच विचारलं की तो पुन्हा वाजवू शकेल का.

आज तो कसा आहे?

औषधांचा कोर्स पूर्ण झाला. स्टेरॉइड, हाताचे व्यायाम, रात्री तेल लावून कातडी मऊ ठेवणं, हे सगळं त्याने नेटाने केलं. करंगळीचा जोर बराच परत आला, पूर्ण नाही. वेगाने वाजवताना ती अजून मागे राहते. टोकाचा स्पर्श आलेला नाही. तार बोटात किती रुतली हे त्याला कळत नाही, म्हणून दर दहा मिनिटांनी थांबून तो बोट डोळ्यांनी पाहतो. गरम भांडं फडक्याशिवाय उचलत नाही. जी सुरावट करंगळीने घ्यायची, त्यातली काही त्याने अनामिकेवर बसवली. गेल्या गणपतीत तो मंचावर होता. मी समोर बसलो होतो.

तुम्ही काय कराल?

तळहाताला घाम येणं बहुतेकांच्या बाबतीत आजार नसतो. पण वहीचं पान भिजेल, हात मिळवायची लाज वाटेल इतका घाम दोन्ही हातांना लहानपणापासून येत असेल, तर त्याला उपचार आहेत: ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन, पाण्यातून सौम्य विजेचा उपचार, गोळ्या, इंजेक्शन. शस्त्रक्रिया अगदी शेवटी, कारण तिच्यानंतर पाठीला-पोटाला जास्त घाम सुटू शकतो. मोठेपणी नव्याने घाम सुरू झाला, वजन उतरतंय, छाती धडधडते, हात गरम आणि ओले राहतात, तर थायरॉईड तपासा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अचानक थंड घाम आला तर आधी साखर तपासा. रात्री अंथरूण भिजेल इतका घाम आणि सोबत ताप किंवा खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी करून घ्या.

गिटार वाजवत असाल आणि मान चिकटत असेल, तर आधी हात धुऊन, कोरडे करून पाहा. मानही फडक्याने पुसा. तरीही त्रास असेल तर मागची बाजू बारीक पेपरने घासून घ्यायला हरकत नाही. घासताना नाका-तोंडाला मास्क लावा. रोगणाची भुकटी दम्याच्या माणसाला त्रास देते. नवीन गिटार घेणार असाल तर दुकानात एसीमध्ये पाच मिनिटं वाजवून ठरवू नका. तुमची खोली, तुमचा कूलर आणि तुमचा जुलै महिना आठवून ठरवा.

पण दोन्ही हात सारखे नसतील, एका हाताचा एखादा भागच कोरडा पडला असेल, एखादं बोट मागे राहत असेल, हातातून वस्तू निसटत असतील, भाजलेलं-कापलेलं कळत नसेल, अंगावर न खाजणारा, न दुखणारा फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तर वाट पाहू नका. कोपरापाशी नस दबणं, मानेच्या मणक्यांचा त्रास, मधुमेह अशी इतरही कारणं असू शकतात. ती शोधणं डॉक्टरांचं काम आहे. काही रुग्णांत तर चट्टा मुळीच नसतो, फक्त मज्जातंतू जाड होतो. म्हणून चट्टा नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नका.

स्वयंपाकघरातला स्टीलचा चमचा घ्या. तळहात उताणा ठेवा आणि चमच्याची पाठ अंगठ्याकडून करंगळीकडे हलकेच ओढा. मग दुसऱ्या हातावर ओढा. दोन्हीकडे सारखं लागलं तर ठीक. एकाच बाजूला, एकाच पट्ट्यात तो सुळकन घसरला तर घाबरू नका, पण हात दाखवून घ्या. ही पक्की तपासणी नाही. शंका आली एवढंच ती सांगते.

माझ्या टेबलावर तो चकचकीत पेन अजून आहे. हाताची कसलीही तक्रार घेऊन कोणी आलं, अगदी "गिटार वाजवताना दुखतं" म्हणून आलं, तरी मी आधी त्यांचा हात हातात घेतो. सल्ला नंतर देतो.